सामना मैदानाबाहेरचा

क्रिकेटचा सामना नाणेफेकीने सुरू होतो आणि शेवटच्या चेंडूने संपतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पंच, समालोचक आणि धावफलक यांच्यापुरती ती खरीही आहे. प्रेक्षकाचा सामना मात्र घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो आणि रात्री उशिरा त्याच उंबरठ्यावर संपतो. आधी मैदान गाठायचे, मग आपली खुर्ची गाठायची आणि अखेरीस घर गाठायचे, असे त्याच्या सामन्याचे तीन डाव असतात. त्यांपैकी मधल्या डावाचे तिकीट त्याने विकत घेतलेले असते. पहिला आणि तिसरा डाव बहुधा नशिबावर सोडलेला असतो.

आपल्या देशात खेळाडूंच्या मानधनावर, खेळपट्ट्यांवर, पंचांच्या निर्णयांवर रकानेच्या रकाने लिहिले जातात. तीस-चाळीस हजार माणसे एका संध्याकाळी एका जागी येतात कशी आणि परत जातात कशी, यावर मात्र क्वचितच लिहिले जाते. सामन्याच्या आदल्या दिवशी वाहतुकीतील बदलांची चौकट छापून येते, दुसऱ्या दिवशी कोंडीचे छायाचित्र येते आणि विषय संपतो. वस्तुतः प्रश्न साधा आहे. ज्याने खुर्ची विकली, त्याची जबाबदारी खुर्चीपाशीच संपते काय?

मुंबईकरांचे भाग्य

मैदान कोठे असावे याचा वस्तुपाठ मुंबईत पाहावा. १९३७ साली उभे राहिलेले ब्रेबर्न आणि जानेवारी १९७५ मध्ये पहिला कसोटी सामना पाहिलेले वानखेडे, ही दोन्ही मैदाने चर्चगेट स्थानकापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. वानखेडेला तर रेल्वेमार्ग खेटूनच गेला आहे. एका बाजूला चर्चगेट, दुसऱ्या बाजूला मरीन लाइन्स. पश्चिम रेल्वेने येणाऱ्याला कोणाला वाट विचारावी लागत नाही. गर्दीच त्याला वाट दाखवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो-३ कफ परेडपर्यंत धावू लागली आणि चर्चगेटला आणखी एक स्थानक मिळाले.

या भाग्याचे मोल आकड्यांत मांडून पाहावे. वानखेडेची आसनक्षमता सुमारे ३३ हजार. त्यातील निम्मे प्रेक्षक लोकलने परतले आणि एका गाडीत दोन हजार जण चढले, तर आठ-नऊ गाड्यांत ते मार्गी लागतात. गर्दीच्या वेळी एवढ्या गाड्या चर्चगेटहून अर्ध्या तासात सहज सुटतात. आता उलट गणित करावे. हेच ३३ हजार प्रेक्षक मोटारीने आले आणि प्रत्येक मोटारीत चौघे बसले, असे उदारपणे धरले, तरी सव्वाआठ हजार मोटारी होतात. एका मोटारीला उभे राहण्यास व वळण्यास मिळून सुमारे २५ चौरस मीटर जागा धरली, तर दोन लाख चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे पन्नास एकरांच्या आसपास जमीन लागेल. क्रिकेटची अशी बारा मैदाने केवळ वाहने उभी करण्यासाठी! चर्चगेटच्या परिसरात हे अशक्य आहे, म्हणूनच तेथे लोक रेल्वेने येतात आणि म्हणूनच तेथील सामने शहराला झेपतात.

मैदाने गावाबाहेर गेली

गेल्या वीसेक वर्षांत मात्र देशभर उलटा प्रवाह दिसतो. नागपूरचे जुने मैदान सिव्हिल लाइन्स भागात, शहराच्या मध्यात होते. २००८ पासून आंतरराष्ट्रीय सामने वर्धा मार्गावरील जामठा येथे होऊ लागले. पुण्यातील सामने पूर्वी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. २०१२ साली गहुंजे येथे द्रुतगती मार्गालगत देखणे नवे मैदान उभे राहिले आणि २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने तेथे झाले. रायपूरचे मैदान नव्या रायपुरात आहे. पंजाबनेही मोहालीच्या पुढे मुल्लांपूरला नवे मैदान बांधले.

यामागील अर्थशास्त्र उघड आहे. शहरातील जमीन महाग, बाहेरची स्वस्त. संघटनेला ऐसपैस जागा मिळते, बांधकाम मनासारखे करता येते, वाहनतळही आखता येतो. परंतु वाचलेला खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ खाते बदलतो. संघटनेच्या पुस्तकात जमिनीवरची बचत दिसते. तिची नोंद दुसऱ्या बाजूला हजारो प्रेक्षकांच्या खिशात, रिक्षाच्या भाड्यात, इंधनात, कोंडीत गेलेल्या तासांत आणि दुसऱ्या दिवशीच्या बुडालेल्या कामात होत राहते. ही नोंद कोणत्याही ताळेबंदात येत नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाही.

गहुंजेचे उदाहरण विशेष बोलके आहे. पुणे-लोणावळा लोकलचा मार्ग या मैदानापासून फार दूर नाही. देहूरोड आणि बेगडेवाडी ही स्थानके काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. तरीही सामन्याच्या दिवशी सर्वांच्या मनात असतो तो रस्ता. पुणे हे दुचाक्यांचे शहर आणि द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव. म्हणजे ज्या वाहनावर या शहराची सर्वाधिक भिस्त, त्यालाच दुसरी वाट धरावी लागते. स्थानकापासून फाटकापर्यंत सामन्याच्या दिवशी सलग बसगाड्या सोडल्या, तर रूळ आणि मैदान यांच्यातील हे अल्प अंतर मिटू शकते. नागपुरातही मेट्रो खापरीपर्यंत पोहोचली आहे. उरते ती पुढची थोडी वाट. अनेक ठिकाणी घोडे अडते ते अशा शेवटच्या तुकड्यावर.

दूरदृष्टी दाखविल्याची उदाहरणेही देशात आहेत. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनाच्या दिवशीच जवाहरलाल नेहरू स्टेडियमकडे जाणारी मेट्रो सुरू झाली. कोलकात्यात फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्व-पश्चिम मेट्रोचा पहिला टप्पा खुला झाला, तो सॉल्ट लेक स्टेडियमपर्यंतचा होता. फुटबॉलवेड्या शहराला शोभेल असाच. चेन्नईच्या चेपॉक मैदानाला तर १९९५ पासून त्याच नावाचे उपनगरी रेल्वे स्थानक आहे. रूळ आणि मैदान यांची गाठ घालता येते, हे आपल्याला ठाऊक नाही असे नव्हे.

येणे सावकाश, जाणे एकदम

मैदानाकडे येणे आणि मैदानातून जाणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. बँकेच्या शाखेत काम करणाऱ्यास हा भेद चटकन कळेल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन घेण्यास दोनशे ज्येष्ठ नागरिक दिवसभरात विखरून आले, तर कोणालाही त्रास होत नाही. तेच दोनशे जण दार उघडताक्षणी एकाच खिडकीपुढे उभे राहिले, तर शाखा कोलमडते. माणसे तितकीच, काम तितकेच. फरक फक्त वेळेचा.

सामन्याचेही तसेच आहे. फाटके दोन-तीन तास आधी उघडतात आणि लोक आपापल्या सोयीने येत राहतात. जाताना मात्र शेवटच्या चेंडूनंतरच्या अर्ध्या तासात सारे एकदम बाहेर पडतात. व्यवस्थेची खरी कसोटी येथे लागते आणि नेमक्या याच वेळी व्यवस्था निजायला निघालेली असते. आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि साडेअकराच्या आसपास संपतो. षटके रेंगाळली किंवा पावसाने व्यत्यय आणला, तर मध्यरात्र उलटते. ही वेळ प्रामुख्याने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला सोयीची. तो घरीच असतो. त्याला शेवटची बस गाठायची नसते. अनेक शहरांत मेट्रोची नेहमीची सेवा मात्र अकराच्या सुमारास आटोपते. सामन्याची वेळ ठरविणारा एक आणि गाडीची वेळ ठरविणारा दुसरा, असा हा प्रकार आहे.

२०२३ च्या आयपीएलचा अंतिम सामना या दृष्टीने आठवावा. अहमदाबादेतील १ लाख ३२ हजार आसनांच्या मैदानावर २८ मे रोजी पावसामुळे एकही चेंडू पडला नाही. चेन्नईहून आलेल्या कित्येक चाहत्यांनी ती रात्र रेल्वे स्थानकाच्या फरशीवर काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला आणि सामना संपला तेव्हा ३० मेची पहाट जवळ येऊ लागली होती. घड्याळात दीड वाजून गेला होता. विजयाचा आनंद खरा होता, पण लाखभर माणसे त्या वेळी रस्त्यावर होती, हेही तितकेच खरे होते. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर त्याच वर्षीच्या विश्वचषकात तेथील मेट्रोची सेवा रात्री उशिरापर्यंत वाढविण्यात आली आणि परतीसाठी आगाऊ छापील तिकिटे देण्यात आली, ज्यायोगे खिडकीपुढील रांग टळावी. मुंबईहून अहमदाबादेसाठी विशेष रेल्वेगाड्याही सोडण्यात आल्या. ठरवले तर होते, याचा हा पुरावा.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या मैदानावर, भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला. पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झालेला तो सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. प्रेक्षागारात मुली होत्या, त्यांच्या आया होत्या, आज्या होत्या. महिलांच्या सामन्यांना यापुढे अशीच गर्दी व्हावी, अशी अपेक्षा असेल, तर मध्यरात्री स्थानकापर्यंतचा रस्ता उजळलेला असणे आणि पुढची गाडी केव्हा आहे हे ठाऊक असणे, या किरकोळ बाबी राहत नाहीत. मुलीला सामन्याला पाठवावे की नाही, याचा घरातला निर्णय खेळाच्या दर्जावर होत नाही. ती परत कशी येईल, यावर होतो.

पिशवी, नाणी आणि फाटक

फाटकापाशी आणखी एक अडथळा असतो. सुरक्षेच्या कारणास्तव अनेक मैदानांवर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मोबाइलचे पॉवर बँक आणि चक्क नाणीही आत नेऊ देत नाहीत. मैदानात वस्तू फेकल्या जाऊ नयेत, हा हेतू योग्यच आहे. परंतु कार्यालयातून परस्पर लोकलने आलेल्या माणसाच्या खांद्यावर पिशवी असणारच. मोटारीने आलेला आपले सामान मोटारीत ठेवतो. रेल्वेने आलेल्याने ते कोठे ठेवावे? बहुतेक ठिकाणी सामानघराची सोय नसते. मग पदपथावर कोणा अनोळखी माणसाकडे पैसे देऊन पिशवी सोपवायची आणि ती परत मिळेल अशी आशा धरायची. परतीच्या बसभाड्यासाठी ठेवलेली सुटी नाणी फाटकावर टाकून द्यायची, हा विनोद तर बँकेच्या रोखपालालाच समजावा! सार्वजनिक वाहनाने या, असे आवाहन एकीकडे करायचे आणि तसे येणाऱ्यालाच दारात अडवायचे, ही विसंगती दूर होणे अवघड नाही.

फाटकाबाहेरची अव्यवस्था केवळ गैरसोयीपुरती राहत नाही, हे ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूने पाहिले. त्या दिवशी सामना नव्हताच. विजयी संघाचा सत्कार होता. चिन्नास्वामी मैदानाच्या क्षमतेच्या कितीतरी पट जनसमुदाय लोटला आणि फाटकांबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीत अकरा जणांचा मृत्यू झाला. ज्या मैदानालगत मेट्रोची स्थानके आहेत, तेथे हे घडले. म्हणजेच केवळ रूळ पुरेसे नाहीत. प्रवेश कोणाला आहे, कोणत्या फाटकाने आहे आणि कितीजणांनंतर बंद होणार आहे, हे घरून निघण्यापूर्वीच लोकांना ठाऊक असावे लागते. गर्दीचे नियोजन फाटकापाशी सुरू करणाऱ्यास उशीर झालेला असतो. ते पहिल्या घोषणेपासून सुरू व्हावे लागते.

तिकिटातच प्रवास

यावर उपाय जगाने शोधून ठेवला आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये स्पर्धेचे तिकीट हेच त्या दिवसाचे रेल्वे-बसचेही तिकीट होते. २००६ च्या जर्मनीतील फुटबॉल विश्वचषकात सामन्याच्या तिकिटावर शहरांतर्गत प्रवास करता येई. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शहरातील स्पर्धांच्या तिकिटासोबत प्रवासाचे कार्ड मिळाले, तर २०२२ साली कतारमध्ये प्रेक्षकांना मेट्रो व बस मोफत होती. जर्मनीतील अनेक फुटबॉल संघांच्या नेहमीच्या सामन्यांनाही अशी जोडतिकिटे असतात. तेथे ही चैन मानली जात नाही.

आपल्याकडे चेन्नईने ही वाट दाखविली. २०२४ च्या आयपीएल हंगामात चेपॉकवरील सामन्याचे तिकीट दाखवून प्रेक्षकांना मेट्रोने जाता-येता आले. त्यासाठी नवा पूल बांधावा लागला नाही की नवा कायदा करावा लागला नाही. दोन संस्थांनी एकत्र बसून करार केला, इतकेच.

या व्यवस्थेचे व्यावहारिक फायदे मोजण्याजोगे आहेत. आयोजक प्रत्येक विकलेल्या तिकिटामागे ठरावीक रक्कम वाहतूक संस्थेला देतो, त्यामुळे तिला उत्पन्नाची निश्चिती मिळते. किती माणसे येणार, हे तिला आधीच कळते आणि त्यानुसार गाड्या व कर्मचारी नेमता येतात. प्रवाशाची खिडकीपुढची रांग टळते. आणि ज्याच्या हाती प्रवास आधीच भरलेला आहे, तो मोटार बाहेर काढण्यापूर्वी दोनदा विचार करतो. भाडे फुकट आहे म्हणून जेवढे लोक मेट्रोकडे वळतात, त्याहून अधिक लोक परतीची खात्री आहे म्हणून वळतात.

यास्तव चार गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. पहिली, मोठ्या सामन्याच्या तिकिटात सार्वजनिक वाहतुकीचे भाडे समाविष्ट असावे. दुसरी, सामना संपल्यानंतर किमान तासभर गाड्या चालू राहतील, सामना लांबला तर त्याही लांबतील, अशी लेखी व्यवस्था झाल्याविना रात्रीच्या सामन्यास अनुमती देऊ नये आणि जादा सेवेचा खर्च आयोजकाने उचलावा. मुंबईत रविवारच्या मेगाब्लॉकचाही मेळ यातच घातला जावा. तिसरी, फाटकाजवळ सामानघर आणि स्थानकापासून फाटकापर्यंत उजेड, पाणी, स्वच्छतागृह व ठळक दिशाफलक असलेला पायरस्ता असावा. चौथी, नव्या मैदानाला परवानगी देताना वाहनतळाच्या नकाशाआधी रेल्वे, मेट्रो वा बसची जोडणी तपासली जावी. कारखान्याला कर्ज देताना बँक केवळ यंत्रे पाहत नाही. वीज, पाणी, रस्ता आणि माल बाहेर कसा जाणार, हेही पाहते. मैदानाचा माल म्हणजे माणसे. ती बाहेर कशी जाणार, हे न पाहता प्रकल्प मंजूर होणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

काही आक्षेप

तिकीट महाग होईल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु शहरातील मेट्रोचे वा लोकलचे येण्याजाण्याचे भाडे सामन्याच्या तिकिटाच्या तुलनेत अल्प असते आणि प्रेक्षक ते आजही निराळे भरतोच. जो पायी किंवा मोटारीने येतो त्याने ते का भरावे, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर असे की, रस्ता मोकळा राहिल्याचा लाभ मोटारवाल्यालाच सर्वाधिक होतो आणि पायी येणाऱ्याला गर्दी ओसरल्याचा.

क्रिकेटवेड्यांचे एवढे लाड कशासाठी, हा तिसरा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. वास्तविक ही मागणी सर्वांत जास्त हिताची आहे ती क्रिकेटशी काहीही देणेघेणे नसलेल्यांच्या. मैदानाभोवतीच्या कोंडीत अडकतो तो रात्रपाळीला निघालेला कामगार, रुग्णालयात पोहोचू न शकणारी परिचारिका आणि वाट मिळत नसलेली रुग्णवाहिका. त्यांनी तिकीट काढलेले नसते. तरी सामन्याची किंमत तेही मोजतात. ज्याने नफा कमावला, त्याने हा भार उचलावा, यात लाड कसले? हा तर निव्वळ न्याय आहे.

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा होणार आहेत. देशाचे ऑलिंपिकचे स्वप्नही आता लपून राहिलेले नाही. अशा वेळी किती आसने बांधली, छत किती भव्य, दिवे किती प्रखर, याची चर्चा होणे स्वाभाविक आहे. तिच्या जोडीला आणखी एक मोजमाप रूढ व्हावे. शेवटचा खेळाडू संघाच्या बसमध्ये बसून निघून गेल्यानंतर, सर्वांत वरच्या कठड्याशी बसलेला, सर्वांत स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक किती वाजता आपल्या घरी पोहोचला? ज्या दिवशी आयोजक आपल्या अहवालात धावा, गर्दी आणि गल्ला यांच्याबरोबर या प्रश्नाचेही उत्तर लिहू लागतील, त्या दिवशी मैदानाबाहेरचा सामना आपण जिंकू लागलो, असे म्हणता येईल.